एक्सपीवर नोटपॅड प्लस प्लस अपग्रेड करून फसलात तर

विंडोज एक्सपीवर नोटपॅड प्लस प्लस या मोफत टेक्स्ट एडिटरची ७.९.२ ही शेवटची चालणारी आवृत्ती. त्यापुढची बसवली की 'नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन' एवढंच दिसतं. डाउनलोड खराब नसतं, व्हायरसही नसतो. प्रोग्रॅमच्या एक्झी फाइलच्या सुरुवातीच्या भागात किमान कुठली विंडोज लागेल तो आकडा लिहिलेला असतो. एक्सपी स्वतः ५.१, फाइल मागते त्यापुढचं. कंपॅटिबिलिटी मोडची खूण लावून काहीही होत नाही, त्यात वेळ घालवू नका.

लगेच अनइन्स्टॉलही करू नका. आधी 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये आपल्या नावाखाली 'ॲप्लिकेशन डेटा' शोधा (हे फोल्डर लपवलेलं असतं) आणि त्यातलं नोटपॅड प्लस प्लसचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. कधीच सेव्ह न केलेले टॅब त्यातल्या 'बॅकअप'मध्ये असतात. नावं 'न्यू १' आणि पुढे ॲटचं चिन्ह, तारीख, वेळ अशी. एक्स्टेन्शन नसतं, पण साध्या नोटपॅडमध्ये सरळ उघडतात.

मग ७.९.२ ची ३२-बिट आवृत्ती दुसऱ्या मशीनवरून उतरवून आणा. एक्सपीचा इंटरनेट एक्सप्लोरर आजच्या बहुतेक साइट उघडत नाही. बसवल्यावर पहिलं काम: सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, 'मिस्क'मध्ये जाऊन ऑटो-अपडेटरची खूण काढा. नाहीतर कोणीतरी सवयीने 'येस' दाबणार आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

प्लगइन (एडिटरला जोडायच्या जादा सुविधा) गायब झाले असतील तर ७.६ पासून बदललेली मांडणी हे नेहमीचं कारण. पूर्वी सगळ्या डीएलएल (प्लगइनच्या फाइली) एकाच 'प्लगइन्स' फोल्डरमध्ये चालायच्या. आता प्रत्येकीला स्वतःचं फोल्डर लागतं आणि फोल्डरचं नाव डीएलएलच्या नावाशी तंतोतंत जुळावं लागतं. विंडोज ७ वर आवृत्ती ८ चालते, पण तिथे ६४-बिट एडिटरला ३२-बिट प्लगइन दिलं की ते लोड होत नाही. प्रश्नचिन्हाच्या मेनूतल्या 'डीबग इन्फो'त कुठलं बिट ते पहिल्याच ओळीत कळतं.

खरं नुकसान होतं ते एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत, आणि डीटीपीवाल्यांचं सर्वात जास्त. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटातला मजकूर युनिकोड नसतो. तो इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रं बसवलेला असतो, म्हणून एडिटरला तो एएनएसआय (एका अक्षराला एक बाइट अशी जुनी पद्धत) वाटायला हवा. 'ऑटोडिटेक्ट कॅरेक्टर एन्कोडिंग' चालू असेल तर एडिटर अंदाज बांधतो, आणि मजकूर कधी रशियन लिपीत उघडतो. घाबरू नका, फाइल अजून शाबूत आहे. ती खूण काढा आणि एन्कोडिंग मेनूतून नुसतं 'एएनएसआय' निवडा.

याच मेनूत खाली 'कन्व्हर्ट टू' अशा ओळी आहेत. वरच्या ओळी तेच बाइट वेगळ्या पद्धतीने वाचतात. खालच्या बाइटच बदलतात. 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' (यूटीएफ-८ म्हणजे युनिकोड साठवण्याची पद्धत) करून सेव्ह केलं की १२७ च्या वरच्या प्रत्येक बाइटच्या जागी दोन किंवा तीन बाइट येतात, आणि पेजमेकरमध्ये नेल्यावर जोडाक्षरांच्या जागी कचरा दिसतो. असं झालंच असेल तर त्याच मशीनवर फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडा, 'कन्व्हर्ट टू एएनएसआय' करा, वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि एक परिच्छेद जुन्या प्रिंटशी ताडून पाहा. मधल्या काळात कोणी त्यात युनिकोड मराठी टाइप केली असेल, तर त्या अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. तो भाग आधी बाजूला काढून ठेवा.

युनिकोड मराठीचे चौकोन दिसत असतील तर दोष एडिटरचा नाही. कंट्रोल पॅनेलच्या 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये 'लँग्वेजेस' टॅबवर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची (मराठीसारख्या जोडाक्षरांच्या लिप्यांची) खूण लावा. ती लावताना एक्सपीची सीडी मागितली जाते, हाताशी ठेवा.