एक पाटा वाढवला, त्याची गोष्ट

टोमॅटो सुरू झाले की आमच्या पिकअपचे हाल सुरू होतात. 20 किलोचे 70 कॅरेट भरले की मागची बाजू पार बसायची. कालव्याकडेच्या रस्त्यावर एक चर आडवी आहे, तिथं मागचं बंपर खर्रकन घासायचं. पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला जायचं म्हणजे रोज तो आवाज ऐकून निघायचं.

शेवटी हायवेवरच्या एका कमानपाट्याच्या दुकानात गाडी लावली. कमानपाटे म्हणजे चाकांवर गाडीचं वजन तोलणाऱ्या, एकावर एक बसवलेल्या वाकड्या लोखंडी पट्ट्या. "दोन्ही बाजूला एकेक पाटा वाढवू, दोन इंच उचलंल," मिस्त्री म्हणाला. दुपारपर्यंत काम झालं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून पाहिला, दोन इंचाला दोन सूत जास्तच. मी खूश. अण्णांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मागून पार उंच झाली रे ही."

खरंच झाली होती. रिकामी गाडी नाक खाली घालून चालायची, रात्री लाइट पुढच्या दहा पावलांवर. परतीला रिकामे कॅरेट हौद्यात नुसते नाचत. पाटा जाड, वर वजन नाही, मग तो दबणार कसा? खड्ड्याचा सगळा दणका थेट बॉडीला. मला हवी होती उंची, मी विकत घेतला कडकपणा.

पण हे सगळं चाललं असतं. घाबरवलं ते ब्रेकनं. भरलेली गाडी उताराला नेहमीपेक्षा लांब जाऊन थांबायला लागली. ब्रेकवाल्यानं गाडीखाली बोट दाखवलं. मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हला दांडी जाते. बॉडी खाली दबली की दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की माल आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. आमची बॉडी दबतच नव्हती. सव्वा टनाच्या वर माल असताना व्हॉल्व्ह समजत होता गाडी रिकामी आहे. दांडी नव्या उंचीला जुळवून घ्यायला हवी होती. दुकानात कुणी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं, आणि मला तरी कुठं माहीत होतं!

दुसऱ्या मिस्त्रीकडे पाटे उघडले तेव्हा खरं दुखणं सापडलं. उजवीकडचा तिसरा पाटा सेंटर बोल्टजवळ तुटलेला, बाकीचे सपाट पडलेले. तुटलेला बदलला, बाकीच्यांना परत कमान मारून घेतली, बुश नि पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट नवे टाकले. वाढवलेले दोन्ही पाटे काढले. चार-पाच दिवस माल वाहून झाल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळायला बोलावलं होतं. गेलो, तर पाऊण आटा फिरला.

आता टेपवर सव्वा इंच वाढ दिसते, तीही कंपनीनं दिलेल्याच पाट्यांवर. आणि कॅरेट 60 च. पाटे कितीही चढवा, आरसी बुकातलं पासिंग, म्हणजे गाडीत भरायला परवानगी असलेलं वजन, तेवढंच राहतं.

भरल्या गाडीला ती चर अजून जराशी लागायची. मग मी आणि चुलत्यांनी तिच्यात सिमेंटचा पाइप टाकला, वर एक ट्रॉली मुरूम.