केसपेपरवर अपेंडिक्स, आणि पोटात काहीच नाही

कॅज्युअल्टीत सकाळी सात ते आठ हा सगळ्यात बेकार टाईम, नाईटवाले निघायच्या घाईत आणि डेवाले अजून लोकलमध्ये लटकलेले. मी सर्जरीची रेसिडेंट, मुंबईतल्या एका म्युन्सिपाल्टीच्या हॉस्पिटलात, आणि त्या दिवशी नाईट माझी होती. एक नववीतला मुलगा आमच्याकडे ढकलला गेला, केसपेपरवर पोटदुखी, अपेंडिक्स का बघा असं खरडलेलं. पोरगा कुशीवर, गुडघे पोटाशी, दोन उलट्या झालेल्या. पोट दाबून बघितलं तर एकदम मऊ, उजवीकडे खाली दाबलं तरी काही नाही, पण माझा हात जरा खाली सरकला की तो पँटचं इलास्टिक घट्ट धरायचा.

आता समोर आई उभी आणि तपासणारी पण बाईच, तो कशाला बोलतोय. मी म्हटलं ताई, तेवढा केसपेपरवर शिक्का मारून आणता का, आणि वॉर्डबॉय मामांना आत बोलावलं. मामांनी पडदा ओढला आणि सरळ विचारलं, "काय रे, गोटीत दुखतंय का?" पोरगा रडायलाच लागला.

मग भडाभडा सगळं बाहेर आलं. पहाटे साडेतीनला दुखून जाग आली, चाळीतली दहा बाय बाराची खोली, पाच जण झोपलेले, बघणार कुठे आणि सांगणार कोणाला. पाचला सार्वजनिक संडासात जाऊन बघितलं तर डावी बाजू सुजलेली, वर चढलेली, तेवढ्यात बाहेरून कोणीतरी दार बडवायला लागलं. आईला सांगितलं पोटात दुखतंय. तिने ओवा दिला, बेंबीला हिंग लावला, नंतर एक अ‍ॅसिडिटीची गोळी पण दिली.

बरं, तो अगदीच खोटं बोलत नव्हता हां. अंडकोष तयार होतात ते पोटातच, मागच्या बाजूला किडनीजवळ, आणि बाळ आईच्या पोटात असताना शेवटच्या महिन्यांत खाली पिशवीत उतरतात, येताना रक्तवाहिन्या आणि नसा सोबत ओढून आणतात. म्हणून त्यांची धमनी आजही वर किडनीच्या धमनीखालून निघते आणि खालचं दुखणं पोटात जाणवतं, वर मळमळ आणि उलट्या. १२ ते १८ वयाच्या मुलाचं पोट दुखत असेल तर चड्डी काढून बघायचीच हे आम्हाला घोकून घोकून शिकवलेलं असतं, पण बाहेर वीस जण लाईनीत असले की तेच राहून जातं. शाळेत मुलींना निदान पॅडचं एक लेक्चर तरी होतं, मुलांना कोण काय सांगतं, काहीच नाही.

तपासलं तर डावा अंडकोष वर ओढलेला आणि आडवा. मांडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं की त्या बाजूचा अंडकोष टुणकन वर उचलला जातो, उजवीकडे तसं झालं, डावीकडे काहीच हललं नाही. टॉर्शन. म्हणजे ज्या दोरीला तो लटकतो तिलाच पीळ बसलेला, रक्त बंद. साधारण ६ तासांत सोडवला तर बहुतेक वेळा वाचतो, २४ तासांनी बहुतेक गेलेलाच असतो. घड्याळात सव्वासात. सरांना फोन केला तर म्हणाले, सोनोग्राफीच्या नादी लागू नकोस, थेट ऑपरेशन थिएटरात घे.

वडील रिक्षा तशीच स्टँडवर सोडून आले. गरज पडल्यास डावा अंडकोष काढण्यास संमती, असं लिहिलेल्या कागदावर सही करताना त्यांचं पेन तिथेच थांबलं. हळूच विचारलं, "मॅडम, पुढे लग्नाबिग्नाचं?" मी म्हटलं एक चांगला असेल ना तरी हार्मोनला आणि मूल व्हायला बहुतेक वेळा पुरतं, पण आधी हा वाचवायचा बघू, सही करा लवकर.

पाठीत स्पायनलची भूल देऊन सव्वाआठला उघडलं. काळानिळा पडलेला, दोरीला पूर्ण दोन वेढे. सोडवले, कोमट सलाईनच्या मॉपमध्ये, म्हणजे ऑपरेशनच्या कापडाच्या घडीत, गुंडाळून ठेवला आणि तेवढ्या वेळात उजवा टाके घालून पिशवीला फिक्स करून घेतला, कारण अशा मुलांत आतलं आवरण नीट चिकटलेलं नसतं, अंडकोष घंटेच्या लोलकासारखा सुटा लोंबतो, आणि हा दोष बऱ्याचदा दोन्हीकडे असतो. भूलवाल्या मॅडमनी विचारलं, काढताय का? सर म्हणाले थांबा जरा. मॉप उघडला तर कडेला गुलाबी छटा, पण मधे अजून काळपटच. सरांनी वरच्या पांढऱ्या आवरणाला बारीकसा छेद दिला, आणि लालभडक रक्ताचा थेंब आला. "आलं!" सिस्टर एवढ्या जोरात ओरडल्या की बाहेरची मावशी डोकावून गेली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात पोराची कळी खुललेली. म्हणाला मॅडम, एवढी नाजूक गोष्ट देवाने बाहेर कशाला लटकवली? म्हटलं, शुक्राणू बनायला शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं, एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने जातात, आत ठेवलं तर काम नीट होत नाही. म्हणून गरमीत पिशवी सैल पडते, थंडीत आखडते. हे त्याने स्वतः बघितलेलं होतं, लगेच मान डोलावली. मग पोटातून खाली यायच्या वाटेबद्दल सांगत होते तर शेजारच्या बेडवरचे हर्नियाचे काका उठूनच बसले, म्हणजे माझं आतडं पण त्याच वाटेने खाली आलं काय? म्हटलं हो काका, जांघेतली तीच वाट, पुरुषांमध्ये ती जागा तशीही कमकुवत असते. मग परत येईल की, ते म्हणाले. म्हटलं, काका, म्हणूनच तर जाळी बसवलीये.