सात शाळा, चार दिवस: सुरुवात शेवटच्या शाळेतून

शेवटच्या शाळेपर्यंत गाडी जात नाही. डांबरी रस्ता संपतो तिथे गाडी लावायची आणि सामान पाठीवर घेऊन अर्धा तास चढायचं. मागच्या खेपेला ही शाळा आम्ही चौथ्या दिवशी दुपारी, शाळा सुटायला तासभर उरला असताना गाठली होती. या वेळी पहिल्याच दिवशी परिपाठाच्या आधी दारात हजर होतो. दोन खेपांतला खरा फरक हाच. तुम्हीही शाळांत टॅबवरच्या अभ्यासाची सोय बसवायला निघणार असाल तर पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं करा: जी शाळा सगळ्यात लांब, सगळ्यात लहान, जिथे रेंज नाही, तिथून सुरुवात करा.

काम असं होतं. एका गटात सात प्राथमिक शाळा. मुख्य शाळेत १४० मुलं, इंटरनेट बऱ्यापैकी. शेवटच्या शाळेत चार इयत्ता मिळून १९ मुलं आणि दोन शिक्षक. सातही शाळांचा मिळून टॅबवर अभ्यास करण्याचा एक प्लॅटफॉर्म असावा, एका शाळेतल्या बाईंनी केलेला प्रश्नसंच दुसऱ्या शाळेतल्या सरांना वापरता यावा आणि कुठलं मूल कुठे अडतंय ते शिक्षकाला वेळेत कळावं, ही अपेक्षा.

मागच्या खेपेला सगळं मुख्य शाळेत बसून ठरलं. तिथे नेट चालतं, म्हणून नेटवर चालणारा प्लॅटफॉर्म घेतला. तिथे प्रत्येक इयत्तेला वेगळा शिक्षक, म्हणून इयत्तावार तासिका आखल्या. तिथे संगणकाची खोली आहे, म्हणून आठवड्याला एक संगणकाचा तास धरला. दोन महिन्यांनी पाहिलं तर सातपैकी दोनच शाळा तो वापरत होत्या. बाकीच्या शिक्षकांनी कंटाळा केला असं कुणी म्हटलं की मला राग येतो. त्यांच्या शाळेला न बसणारी वस्तू आम्ही त्यांच्या हातात ठेवली होती.

रेंज नसलेली शाळा हा अपवाद नाहीच. युनेस्कोच्या २०२३च्या जागतिक शिक्षण अहवालात जगातल्या प्राथमिक शाळांपैकी फक्त ४० टक्के शाळांना इंटरनेट असल्याची नोंद आहे, आणि चारातल्या एका प्राथमिक शाळेत तर वीजच नाही. म्हणून या वेळी कोलिब्री हे नेटशिवाय चालणारं शिकण्याचं सॉफ्टवेअर निवडलं. लर्निंग इक्वॅलिटी या ना-नफा संस्थेने २०१२ साली खान अकॅडमीचे धडे नेटशिवाय पाहता यावेत म्हणून केए लाइट काढलं होतं, त्याच अनुभवातून पुढे हे आलं. शाळेत तळहाताएवढा एक संगणक ठेवायचा (आम्ही रास्पबेरी पाय वापरला, पुढे त्यालाच नुसतं 'पाय' म्हटलं आहे), त्यात सगळा मजकूर आधीच उतरवायचा, शाळेपुरतं वाय-फाय सुरू करायचं आणि टॅब त्याला जोडायचे. नेट लागतं ते फक्त नवा मजकूर आणताना, आणि तेही गटात एकाच ठिकाणी. २००२पासून चालत आलेलं मूडल हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सॉफ्टवेअर आम्ही शिक्षकांच्या प्रशिक्षणापुरतं ठेवलं. त्या कामाला ते उत्तम आहे, पण दुसरीतल्या मुलाच्या हातात ते द्यावं असं मला वाटत नाही.

पहिला दिवस. शाळेच्या दोन खोल्या, मधली भिंत दगडी. पाच टॅब, १९ मुलं. पायचं स्वतःचं वाय-फाय भिंतीपलीकडे पोचेना, म्हणून सोबत नेलेला छोटा राउटर मधल्या दारावर टांगला. राउटर नक्की न्या. पायचं वाय-फाय चार-पाच टॅबना पुरतं, मोठ्या वर्गात दहा-बारा टॅब एकदम जोडले की ते अडखळायला लागतं.

मग मुलांची यादी. ही गोष्ट दिसते किरकोळ, पण मागच्या वेळी इथेच सगळं विसकटलं होतं. आम्ही हजेरी क्रमांकावरून मुलांची खाती केली होती. वर्ष बदललं, हजेरी क्रमांक बदलले, आणि तिसरीतल्या मुलीचा अभ्यास दुसऱ्याच मुलाच्या नावावर दिसायला लागला. या वेळी दाखल क्रमांक घेतला, कारण मूल शाळेत आहे तोवर तो बदलत नाही, आणि त्याच्यापुढे शाळेचा आकडा लावला. म्हणजे सातव्या शाळेतलं दाखल क्रमांक २१२चं मूल सगळीकडे ७२१२. लहान मुलांना आकडे टाकता येतात, नाव टाइप करायला लावलं तर दहा मिनिटं तिथेच जातात. मुलांसाठी पासवर्डची अट सेटिंगमधून काढून टाकता येते, ती आम्ही काढली. शिक्षकांच्या खात्याला मात्र पासवर्ड हवाच. आणखी एक. मुलांच्या नावांची फाइल फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकू नका. सोयीची वाटते, पण एकदा टाकली की ती कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

पाच टॅब आणि चार इयत्ता हे गणित तिथल्या बाईंनी सोडवलं. त्या म्हणाल्या, "ताई, सगळ्यांना एकदम बसवायचं कशाला? मी दोन इयत्तांना फळ्यावर शिकवते, तेवढा वेळ बाकीच्या दोन इयत्ता टॅबवर बसतील." म्हणजे ज्या शाळेसाठी संगणकाचा तास जमत नव्हता, तिथेच टॅबचा खरा उपयोग निघाला: एका शिक्षकासमोर दोन-तीन वर्ग असतात तेव्हा वाट पाहणाऱ्या वर्गाला काम मिळतं. मुख्य शाळेत बसून आम्हाला हे कधीच सुचलं नसतं.

खिडकीजवळ तिघंजण एका टॅबवर बसली होती. टॅब मधल्या मुलाच्या मांडीवर, डावीकडची मुलगी वाकून बघतेय, उजवीकडचा मुलगा भिंतीकडे तोंड करून नखाने पोपडे काढतोय. दहा मिनिटांत त्याचं बोट एकदाही पडद्याला लागलं नाही. बाईंनी तिथेच नियम केला: एक प्रश्न सोडवला की टॅब डावीकडे सरकवायचा. दुसऱ्या फेरीला तोच मुलगा हात पुढे करून बसला होता. त्या एका टॅबवर नोंद तिघांपैकी एकाच्याच नावावर होते, म्हणून सराव गटाने आणि महिन्याची चाचणी एकेकट्याने, असं ठरवलं. व्हिडिओ लावताना एकाच टॅबचा आवाज सुरू ठेवा आणि सगळ्यांनी मिळून पाहा. पाच टॅब एकदम बोलायला लागले की फळ्यापुढच्या वर्गाला बाईंचं काही ऐकू येत नाही.

पालकांपैकी एकाने विचारलं, प्रत्येक मुलाला वेगळा टॅब का नाही? प्रश्न रास्त आहे. मी त्यांना पेरूचं उदाहरण सांगितलं. तिथे 'एक मूल, एक लॅपटॉप' योजनेत आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले गेले, आणि २०१२मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात मुलांच्या गणिताच्या आणि भाषेच्या गुणांत त्याने फरक पडलेला दिसला नाही. वस्तू हातात आली तरी ती घेऊन काय शिकवायचं हे शिक्षकाने ठरवावं लागतं. त्यासाठी पाच टॅब सुरुवातीला पुरतात.

दुसऱ्या दिवशी तीन शाळा झाल्या. शेवटच्या शाळेत जे बसलं ते या तिघींना जसंच्या तसं बसलं, त्यामुळे सांगण्यासारखं फार नाही. एका ठिकाणी सौर पॅनेलवर सगळं चालतं, तिथे सकाळच्या वेळात टॅब चार्जिंगला लावून दुपारी वापरायचे असा क्रम शिक्षकांनी आपणहून लावला.

तिसरा दिवस अवघड गेला. पाचव्या शाळेतला पाय आम्ही पोचण्याआधीच बंद पडला होता. तो या खेपेआधी, आदल्या महिन्यात बसवलेला, आणि वीज गेली-आली, गेली-आली, यात कार्ड खराब झालेलं. पायमध्ये मेमरी कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली की हे होतं. सरांनी तोवर आपल्या परीने उपाय केला होता. नवं कार्ड घालून, कोलिब्री पुन्हा टाकून, शाळेचं तेच नाव दिलं होतं. मेहनत मनापासून होती, पण नाव तेच असलं तरी कोलिब्रीच्या लेखी ती नवी शाळा असते. तिची आतली ओळख वेगळी, त्यामुळे जुन्या नोंदी तिला येऊन जुळत नाहीत. अशा वेळी नवी शाळा तयार करायची नाही. मुख्य शाळेतल्या संगणकावर या शाळेची जी प्रत आहे, तिच्यावरून आयात करायची. ती प्रत तीन आठवड्यांपूर्वीची होती, म्हणजे तीन आठवड्यांचं काम गेलं. सर गप्प बसून राहिले. मला फार वाईट वाटलं, कारण हे त्यांना आधी सांगणं माझं काम होतं.

म्हणून सांगते. पायला वीज थेट बोर्डातून देऊ नका, मध्ये बॅटरी हवी, आणि चार्जर चांगला हवा. पाय ४ला पाच व्होल्ट, तीन अँपिअर लागतात, फोनच्या जुन्या चार्जरवर तो मध्येच बंद पडतो. प्रत्येक शाळेसाठी तयार केलेलं एक जास्तीचं कार्ड पाकिटात घालून कपाटात ठेवा. बंद करण्याची पद्धत संगणकाशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्याकडे ते काम चौथीतल्या दोन मुलांकडे आहे आणि ती चुकत नाहीत. पाय ४पर्यंतच्या पायमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. नेट नसलेल्या शाळेत वीज गेली की त्याची तारीख मागे राहते आणि अहवालात मुलाने अभ्यास कधी केला ते चुकीचं दिसतं. नखाएवढा घड्याळाचा भाग वेगळा मिळतो, त्यात बटणासारखा सेल असतो, तो बसवून घ्या.

नोंदी जुळवण्याचा रिवाज आता असा केला आहे: गटाच्या मासिक बैठकीला प्रत्येक शाळेने आपला पाय सोबत आणायचा. मुख्य शाळेच्या वाय-फायवर सगळे जोडायचे, बैठक चालू असतानाच नोंदी जुळतात आणि नवा मजकूरही उतरतो. शिक्षक बैठकीला येतातच, त्यामुळे वेगळा फेरा पडत नाही.

चौथा दिवस मुख्य शाळेत, सातही शाळांच्या शिक्षकांसोबत. या दिवसासाठी मी बाकी सगळी धावपळ पुन्हा करीन.

शेवटच्या शाळेतल्या बाईंनी हातच्याच्या वजाबाकीचा दहा प्रश्नांचा संच वहीत लिहून आणला होता. कोलिब्रीत स्वतःचे प्रश्न घालायचे तर ते कोलिब्री स्टुडिओ या संकेतस्थळावर, म्हणजे नेट असताना करावे लागतात, मग तो संच चॅनल म्हणून प्रसिद्ध करून सगळ्या शाळांत उतरवता येतो. प्रश्न चढवताना पहिलाच आला: ५२ वजा २७. पर्याय २५, ३५ आणि ७९. तिसऱ्या शाळेतले सर म्हणाले, "बाई, ३५ उत्तर दिलेल्या मुलाचं नेमकं काय चुकलं?" बाई म्हणाल्या, मोठ्या अंकातून लहान वजा केला, सातातून दोन. सर म्हणाले, "हातचा घेऊन बारातून सात वजा केले, पण दशक कमी करायला विसरला, तरी ३५च येतात."

खोलीत क्षणभर शांतता, मग सगळे वहीत आकडे मांडायला लागले. एककांमध्ये पाचाचा फरक असला की दोन्ही चुकांचं उत्तर एकच निघतं, आणि चूक कुठली ते शिक्षकाला कळत नाही. प्रश्न बदलला: ६२ वजा २८. बरोबर उत्तर ३४. मोठ्यातून लहान वजा करणाऱ्याचं ४६, दशक कमी करायला विसरणाऱ्याचं ४४, बेरीज करणाऱ्याचं ९०. आता मुलाने कुठला पर्याय निवडला ते अहवालात पाहिलं की उद्या त्याला काय समजावायचं ते ठरतं. दहापैकी चार प्रश्न असे बदलले. एकट्या शाळेत हा संच वर्षानुवर्षं तसाच फिरला असता.

शाळांची क्रमवारी लावायची का, हा प्रश्नही निघाला. मी ठाम नाही म्हटलं आणि बहुतेकांना ते पटलं. जिथे तिसरीत पाचच मुलं आहेत, तिथे एक मूल आजारी पडलं तरी वर्गाची टक्केवारी २०ने हलते. अहवाल त्या-त्या वर्गशिक्षकाने पाहावा, आणि बैठकीत फक्त जास्त मुलांचे चुकलेले प्रश्न चर्चेला घ्यावेत, असं ठरलं. कोलिब्री अवघड गेलेले प्रश्न वेगळे काढून दाखवतं, त्यामुळे तयारीला वेळ लागत नाही.

पहिली-दुसरीचं काम अजून कच्चं आहे. वाचता न येणाऱ्या मुलासाठी सूचना आवाजात हव्यात, आणि आपल्या भाषेत तसा मजकूर पुरेसा मिळाला नाही. दोन बाईंनी तो स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायला घेतला आहे, फोनवर, शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात. तुमच्या गटात कुणी हे केलं असेल तर सूचना दहा-पंधरा सेकंदांच्या ठेवा, त्याहून लांब झाली की मुलं मध्येच बोट लावून पुढे जातात.

वजाबाकीचा सुधारलेला संच त्याच दिवशी सातही पायवर उतरला. शेवटच्या शाळेच्या बाईंनी त्यांचा पाय टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवला, जास्तीचं कार्ड वेगळ्या कप्प्यात टाकलं आणि विचारलं, "पुढच्या महिन्यात भागाकार घेऊ या का? चौथीतली तिघं बाकीवर अडलीत."