शेऱ्याचा रकाना

मयताचा फोन आला की पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, सांत्वनाच्या आधी चार गोष्टी विचारून घ्यायच्या असतात. डॉक्टरचा दाखला मिळाला का, मयत घरी आहे की दवाखान्यात, लांबून कोणी यायचे आहे का आणि कबर कुठे खणायची. ऐकणाऱ्याला हे कोरडे वाटते. पण पावसाळ्यात कबर खणायला पाच-सहा तास लागतात, पेटी करायला तेवढेच, आणि अंधाराआधी माती द्यायची असेल तर पहिल्या दहा मिनिटांतच माणसे कामाला लावावी लागतात.

त्या दिवशी फोन मुलाचा आला नाही. महिला सभेच्या खजिनदार बाईंचा आला. "आजी पहाटे प्रभूत निजल्या. पण पाळकसाहेब, घरचे म्हणतात मंडळीत कळवू नका."

आजी नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जुन्या सभासद. माहेर तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकलेले. सासरचे कागद 'हिंदू महार'. दिरांची घरे पुढे बौद्ध झाली. नवरा कधी देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) आला नाही, पण त्याने त्यांना अडवलेही नाही. थोरला मुलगा तान्हा असताना त्यांनी त्याचा बाप्तिस्मा करून घेतला. तो मुलगा पुढे शिकला, अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर सरकारी नोकरीला लागला आणि देवळात यायचा थांबला. आजी मात्र गुडघे साथ देईनात तेव्हाही रिक्षा करून यायच्या. पेन्शनीतली ठरलेली रक्कम पाकिटात घालून दानाच्या थैलीत टाकायच्या, पाकिटावर नाव घालायच्या नाहीत.

मी घरी पोचलो तेव्हा मुलगा अंगणातच भेटला. त्याने मला आत नेले नाही, गोठ्याच्या बाजूला घेतले. "साहेब, प्रार्थना घरातच करा. घंटा नको. माती गावाच्या जागेत देऊ. आणि तुमच्या वहीत नोंद करू नका."

हा माणूस आईवर माया नसलेला नव्हता. रात्रभर तिच्या उशाशी बसला होता. त्याची भीती समजायची तर १९५० सालचा एक आदेश समजून घ्यावा लागतो. संविधान (अनुसूचित जाती) आदेशाचा तिसरा परिच्छेद सांगतो की, कोणाला अनुसूचित जातीचे मानायचे हे त्याच्या धर्मावर ठरेल. सुरुवातीला जवळपास फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये सगळे शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. म्हणजे सख्ख्या चुलत भावांपैकी एक बौद्ध झाला तर त्याची सवलत टिकते, दुसरा ख्रिस्ती झाला तर जाते. गावाने दोघांनाही एकाच वस्तीत ठेवले, एकाच नावाने हिणवले. बाप्तिस्म्याच्या पाण्याने त्यात काडीचा फरक पडलेला नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढावी असे सुचवले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेला वीस वर्षे उलटून गेली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला गेला. आमच्या मंडळीतली मुले तेवढ्या काळात शाळेत गेली, शिकली, नोकरीला लागली किंवा राहिली.

या मुलाच्या कचेरीत बढतीची यादी लागणार होती आणि त्याच्याविरुद्ध एक निनावी अर्ज आधीच गेलेला होता. आईच्या दफनाची नोंद शोधायला कोणी आला तर बाप्तिस्म्याची वहीही उघडणार आणि तिच्यात त्याचे स्वतःचे नाव सापडणार, हा त्याचा हिशेब होता. हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका बाईंचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. त्यांचा लहानपणी बाप्तिस्मा झाला होता आणि चर्चला जाणे चालू होते, हे न्यायालयाने धरले. उलट नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये एका मुलीच्या बाजूने निकाल दिला. दक्षता पथकाला तिच्या घरात येशूचा फोटो दिसला होता, तेवढ्यावरून पडताळणी समितीने दावा नाकारला होता. न्यायालय म्हणाले, भिंतीवर फोटो असला म्हणून कोणी धर्मांतरित ठरत नाही. त्या घराण्यात कोणी धर्मांतर केल्याचा पुरावा नव्हता. फोटो पुरावा होत नाही, पण बाप्तिस्म्याची वही होते. ती वही माझ्या ताब्यात असते.

या वहीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्यातलेच बरेच जण ती नीट ठेवत नाहीत. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशी तीन रजिस्टरे असतात. बाप्तिस्म्याच्या वहीत अनुक्रमांक, बाप्तिस्म्याची तारीख, जन्मतारीख, नाव, आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण, वडिलांचा धंदा, धर्ममातापिता आणि विधी करणाऱ्याची सही. दफनाच्या वहीत मृत्यूची व दफनाची तारीख, नाव, वय, मृत्यूचे कारण, कबरेची जागा, सही आणि शेवटी शेरा. नोंद त्याच दिवशी, टिकाऊ शाईने. बऱ्याच जेल पेनांची शाई ओल लागली की पसरते. चूक झाली तर एकच आडवी रेघ मारून वर बरोबर शब्द लिहायचा आणि समासात आद्याक्षरे करायची. व्हाइटनर कधीही नाही. अनुक्रमांक सलग हवेत, पाने मोजलेली हवीत. लोखंडी कपाट भिंतीपासून सुटे ठेवायचे, खाली विटा, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला. तो दर पावसाळ्यानंतर बदलायचा. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक पाळकाकडे आणि एक सेक्रेटरीकडे, तिसरी नको. काही ठिकाणी वर्षानुवर्षे नोंदी चिठ्ठ्यांवर पडून असतात, आणि कोणी दाखला मागायला आला की एका बैठकीत, एकाच शाईने दहा वर्षांची वही भरली जाते. अशा वहीला न्यायालयात किंमत नसते. काही पाळक तर भीतीपोटी बाप्तिस्मे देतात आणि नोंदच करत नाहीत. त्यांच्या दयेवर मला शंका नाही. पण उद्या त्याच मुलीचे लग्न १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लावायचे म्हटले की ती कोणत्या मंडळीची हे दाखवायला कागद नसतो, आणि तिला बापड्या म्हाताऱ्यांच्या आठवणींवर विसंबावे लागते.

मुलाला मी म्हटले, "दादा, आजींनी महिला सभेकडे लिहून दिलंय. माहेरच्या रांगेत, वडिलांच्या पायथ्याशी. ते मला मोडता येणार नाही. घंटा वाजवणार नाही. लाउडस्पीकर नाही. नोंद होईल, पण ती आजींची होईल." तो काही बोलला नाही. घरातून त्याची बायको म्हणाली, "होऊ द्या हो, आत्याबाईंनी काय मागितलं होतं कधी?" त्यावर काम सुरू झाले. दरम्यान ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या अर्जात त्याने धर्माच्या जागी 'हिंदू' लिहिले होते. मृत्यूच्या दाखल्यावर धर्म छापून येत नाही, ती माहिती आकडेवारीच्या भागात जाते. मी तो अर्ज पाहिला आणि परत केला. तो माझा कागद नव्हता.

आमची दफनभूमी कॅनॉलखाली, काळ्या जमिनीत. जुलैत तिथे कबर खणणे हे दोन माणसांचे काम नाही. सात फूट लांब, अडीच फूट रुंद, सहा फूट खोल हे माप मुरमाड जमिनीत सरळ उतरते. काळ्या मातीत चार फुटांवर भिंती सुटायला लागतात. म्हणून वरचे दोन फूट मापापेक्षा हातभर जास्त रुंद घ्यायचे, मग पायरी ठेवून खालचा भाग मापात उतरवायचा. काढलेली माती काठापासून निदान तीन फूट लांब टाकायची. तिचा भार काठावर आला की भिंत आत येते, आणि खाली माणूस असेल तर जिवावर बेतते. पायथ्याच्या कोपऱ्यात फूटभर आणखी खोल खड्डा घ्यायचा म्हणजे पाणी तिथे गोळा होते आणि बादलीने उपसता येते. तळाला सहा बोटे मुरूम. पेटी प्लायवुडची असेल तर तळाला तीन-चार भोके पाडून घ्यावीत, नाहीतर पाण्यावर पेटी तरंगते आणि नातलगांना ते दृश्य जन्मभर विसरता येत नाही. उतरवायला नायलॉनचा दोर नको, ओल्या हातातून तो सरकतो. रुंद नवार घ्यावी, दोन पट्ट्या, प्रत्येकी वीस फूट. काठांवर फळ्या टाकाव्यात म्हणजे पाय घसरत नाहीत. डोके पश्चिमेला, पाय पूर्वेला, प्रभू येईल तेव्हा उठणाऱ्याचे तोंड त्याच्याकडे असावे म्हणून.

घरची प्रार्थना आटोपून बायबलमधले योहान १४ वाचले. मंडळीतली थोडकी माणसे, दिरांच्या घरची पांढऱ्या साडीतली बौद्ध मंडळी, शेजारच्या मराठ्यांच्या दोन बाया. भजन हळू आवाजात म्हटले. मुलगा प्रेताबरोबर दफनभूमीपर्यंत आला आणि फाटकाबाहेर निंबाखाली थांबला. आत आल्यावर कळले की पायथ्याची भिंत एका बाजूने ढासळली आहे. पाणी उपसून खालची माती काढेपर्यंत पुन्हा भुरभुर लागली. पेटी फळ्यांवर ठेवलेली, नवार धरायला चौघे. चिखलात चौघांवर भागत नाही, सहा लागतात, कारण एकाचा पाय घसरला की पेटी एका कोनावर कलते. मी नुसते म्हटले, "आणखी दोन हात हवेत." एक चुलतभाऊ पुढे झाला. दुसरा हात मुलाचा होता. चपला फाटकाशी काढून तो आला होता, नवारेचे टोक त्याने मनगटाला गुंडाळून घेतले. असे करू नये, पेटी निसटली तर माणूस ओढला जातो. मी ते सोडवून त्याच्या तळहातात दिले. पेटी सरळ उतरली.

मातीला माती म्हणताना त्याने तीन मुठी टाकल्या. त्याच वेळी आमच्या कमिटीतल्या एकाने मोबाइल वर धरला. हे हल्ली सगळीकडे झाले आहे. माती पडायच्या आत ग्रुपवर फोटो जातो, खाली श्रद्धांजलीचे हात जोडलेले. कोणाच्या दुःखाचा आणि कोणाच्या पोटाचा प्रश्न आहे याचा क्षणभर विचार नसतो. विधी थांबवून मी फोटो पुसायला लावला. त्या भावाला राग आला, अजून आहे. राहो.

संध्याकाळी वही उघडली. आजींचे नाव, वय, वडिलांचे नाव, रांग आणि कबर. शेऱ्याच्या रकान्यात आमच्याकडे रिवाजाने खबर देणाऱ्या नातलगाचे नाव लिहितात, बहुधा मुलाचेच. मी महिला सभेच्या बाईंचे लिहिले. खबर त्यांनीच दिली होती, त्यामुळे नोंद खरी आहे. पण मुलाने फोन केला असता तर मी काय लिहिले असते, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. खरी नोंद आणि पूर्ण नोंद यांच्यात मला त्या संध्याकाळी थोडी जागा मिळाली, ती नेहमी मिळेल असे नाही.

तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर तो एकटा माझ्याकडे आला. बाप्तिस्म्याच्या वहीतले त्याचे पान मिळेल का, असे त्याने विचारले. फाडून, हे त्याने म्हटले नाही, मला समजले. मी त्याला ते पान दाखवले. त्याच पानावर आणखी पाच मुलांची नावे आहेत, पाठीमागे सहा. त्यातल्या कोणाला तरी उद्या लग्नासाठी, पासपोर्टसाठी हाच उतारा लागेल. शिवाय सलग क्रमांकांतून एक पान गेले तर ते कोणाचे होते याची चौकशी पहिल्यांदा त्याच्यापर्यंतच येईल. हे त्याला पटले. जे मी बोललो नाही ते असे की, त्या नोंदीखाली आजींचा अंगठा नाही, मोठ्या, सुट्या अक्षरांत सही आहे, आणि ती पुसण्याचा अधिकार त्याला किंवा मला कोणी दिलेला नाही.

आता त्याची मुलगी रविवारी येते. आजीच्या जागेवर बसते. बारावीला आहे, तिचा जात वैधतेचा अर्ज समितीपुढे पडलेला आहे, आणि तिने बाप्तिस्म्याची तयारी सुरू करा म्हणून मला स्वतःहून सांगितले. मी तिला घाई करत नाही, थोपवतही नाही. दोन्ही गोष्टी समोर मांडल्या: बाप्तिस्मा झाला तर नोंद त्याच दिवशी होईल, आणि वैधता मिळाल्यावर बाप्तिस्मा घेतला तरी पुढे कोणी तक्रार केली तर तो प्रश्न उभा राहतोच. वडिलांशी बोलल्याशिवाय मी तारीख देणार नाही, हेही सांगितले. ती म्हणाली, "मग माझ्या बौद्ध चुलतबहिणीला हे कोणी का विचारत नाही?" त्यावर द्यायला माझ्याकडे वचन नव्हते, १९५० चा आदेश होता.

माझ्या हातात जेवढे आहे तेवढे करतो आहे. कमिटीपुढे ठराव ठेवला आहे: रजिस्टरमधला उतारा ज्याची नोंद त्यालाच, त्याच्या लेखी अर्जावर, किंवा न्यायालयाच्या वा कायद्याने अधिकार असलेल्या कचेरीच्या लेखी मागणीवर, कोणाही सभासदाला वही चाळायला किंवा तिचा फोटो काढायला मिळणार नाही, दफनभूमीत घरच्यांच्या परवानगीशिवाय मोबाइल नाही. पहिल्या कलमावर एकमत झाले. मोबाइलच्या कलमावर पुढच्या सभेत मतदान आहे.