बॅटरी किती वॉट-अवरची? – परदेशातल्या सीबीआर परिषदेला जाताना

अपंग व्यक्तींच्या समुदायाधारित पुनर्वसनावरच्या, म्हणजे सीबीआरच्या, आंतरराष्ट्रीय परिषदेला जाऊन आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, ‘परिषद कशी झाली?’ परिषद छान झाली. मला बोलायचंय ते बॅटरीबद्दल.

सादरीकरणाचा सारांश पाठवणं, निमंत्रणपत्र, व्हिसा हे सगळं बिनबोभाट पार पडलं. सारांशाबद्दल एकच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या सीबीआर मार्गदर्शिकेत आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक आणि सक्षमीकरण असे पाच घटक आहेत आणि प्रत्येकाचे पुन्हा पाच भाग. आपलं काम या पंचवीस चौकटींपैकी कुठल्या चौकटीत बसतं ते सुरुवातीलाच लिहा. ‘आम्ही सर्वांगीण काम करतो’ असं लिहिणारे ढिगानं असतात.

तर बॅटरी. माझ्या पाठीच्या कण्याला इजा आहे, व्हीलचेअर विजेवर चालते, बॅटरी लिथियम-आयन, खटका दाबून काढता येणारी. तिकीट काढताना विमान कंपनीला कळवलं. मदत कक्षातून फॉर्म आला. त्यात रकाना : बॅटरीची क्षमता, वॉट-अवरमध्ये. बॅटरीवर लिहिलेलं होतं २४ व्होल्ट, १० अँपिअर-अवर. दोन्हींचा गुणाकार केला की वॉट-अवर मिळतात, २४०. मी गेले तेव्हा अशा काढता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा ३०० होती. मी २४० लिहिलं आणि विषय संपला असं समजले.

उत्तर आलं, ‘बॅटरीवर वॉट-अवर छापलेले दिसत नाहीत, फोटो पाठवा.’ पाठवला. ‘फोटोत वॉट-अवर दिसत नाहीत.’ अहो, तेच तर सांगतेय! फोनवर गुणाकार समजावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मॅडम, तुमचा हिशेब आम्हाला चालत नाही.’ पुढच्या फोनला दुसरं माणूस. त्यांना बॅटरी ओली की कोरडी ते हवं होतं. तिसऱ्यानं डॉक्टरांचा ‘प्रवासास योग्य’ असा दाखला मागितला. मी आजारी नाही, मला अपंगत्व आहे, आणि प्रश्न माझ्या तब्येतीचा नसून बॅटरीचा आहे, हे ज्याला सांगावं तो म्हणे, ‘नोंद करून घेतो.’ दर वेळी नवी नोंद. आधीची कुणालाच सापडत नसे.

त्यात माझं दुसरं विमान वेगळ्या कंपनीचं. तिकीट एकच, पण त्या कंपनीची परवानगी वेगळी घ्यायची, हे मला फार उशिरा सांगितलं गेलं. म्हणजे तोच फॉर्म, तोच फोटो, तोच गुणाकार. त्या आठवड्यात मी सादरीकरणाची एकही स्लाइड केली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात विसावं कलम व्यक्तिगत संचाराचं आहे, आणि मी त्याच करारावर बोलायला निघाले होते. एका फोनवर हे ऐकवलंही. त्याचीही नोंद झाली.

शेवटी सुटलं ते दोन गोष्टींनी. एक, खुर्ची बनवणाऱ्या कंपनीकडून लेटरहेडवर एक पान : बॅटरीचा प्रकार, मॉडेल, वॉट-अवर, आणि यूएन ३८.३ ही चाचणी पास असल्याचा उल्लेख. लिथियम बॅटरी वाहतुकीला द्यायची तर ही चाचणी लागतेच. खुर्चीवाल्यांनी आधी रंगीत माहितीपत्रक पाठवलं होतं, ते बिनकामाचं. दोन, मदत कक्ष सोडून मी ‘धोकादायक माल’ विभागाशी बोलायचा हट्ट धरला. तिथल्या गृहस्थांनी ते पान वाचलं, एक प्रश्न विचारला आणि त्याच दिवशी मेलवर मंजुरी पाठवली. इतका आनंद मला व्हिसा मिळाल्यावर झाला नव्हता. म्हणून सांगते, पहिल्या दिवसापासून त्याच विभागाचं नाव घ्या. मंजुरी तोंडी नको, मेलवर, आणि तिच्या छापील प्रती जवळ ठेवा.

प्रती लागतातच. चेक-इनच्या काउंटरवरचा मुलगा बॅटरी सामानात टाकायला निघाला होता. नियम नेमका उलटा आहे. खुर्ची खाली सामानात जाते आणि काढलेली बॅटरी आपल्यासोबत केबिनमध्ये, टोकं झाकून. केबिनमध्ये धूर निघाला तर कर्मचाऱ्यांना लगेच दिसतो, हात घालता येतो. खाली सामानात तसं कोण बघणार? मी मेल पुढे केला, त्यानं वरिष्ठांना बोलावलं, आणि बॅटरी माझ्या मांडीवर परत आली.

हो, तिकीट काढतानाच डब्ल्यूसीएचसी हा कोड घालायला सांगा. अजिबात चालता येत नाही आणि विमानात सीटपर्यंत न्यावं लागतं, असा त्याचा अर्थ. एजंट सवयीनं डब्ल्यूसीएचआर टाकतात. तो जिने चढू शकणाऱ्यांसाठी आहे. चुकीचा कोड पडला तर विमानाच्या दारात आतल्या वाटेत मावणारी अरुंद, चाकांची खुर्ची तयार नसते आणि सगळे एकमेकांची तोंडं बघतात. खुर्चीची उशी सामानात देऊ नका, विमानातल्या सीटवर तीच घालून बसा. संवेदना नसलेल्या भागावर तासन्‌तास दाब पडला तर जखम होते, आणि परिषद हॉटेलच्या पलंगावर जाते. जॉयस्टिक निघत असेल तर काढून हातात घ्या, नाहीतर त्याला जाड गुंडाळा.

परिषदेत माझ्या वाट्याला दहा मिनिटं आली. तो करार आणि बचत गट यांवर बोलले, प्रश्न चांगले आले. पण चहाच्या वेळी व्हीलचेअरवरून आलेले आम्ही एका टेबलाशी जमलो, तर बोलणं काय? बॅटरी! एकाची खुर्ची अजून पोचलीच नव्हती. दुसऱ्या बाईंकडे माझ्यासारखंच एक पान होतं, प्लास्टिक लावून घेतलेलं. मीही आता तसं करून घेतलंय.

मदतनीस नेणार असाल तर निमंत्रणपत्रात त्यांचं नाव आणि सोबत येण्याचं कारण लिहून घ्या. नोंदणी शुल्क माफ होतं का तेही विचारा. माझ्या मदतनीस ताईंचं झालं, पण मी विचारल्यावर. आणि मधल्या विमानतळावर विमान बदलायचं असेल तर दोन विमानांत तीन तास तरी ठेवा. आपल्याला उतरवतात सगळ्यांच्या शेवटी, आणि खुर्ची वर यायला लागेल तेवढा वेळ वेगळाच.