एस्तेर राणी आणि मधली एक रात्र

बायबलमधल्या एस्तेरवर आपल्याकडे महिला संगतीत दरवर्षी एकदा तरी संदेश होतोच, आणि बहुतेक वेळा तेच ते, अनाथ मुलगी होती, दिसायला सुंदर होती, फारस देशाची राणी झाली, राजापुढे गेली आणि लोक वाचले. खोटं काहीच नाही त्यात. पण एवढ्या भरभर सांगितलं की तिची भीतीच दिसत नाही, आणि ती दिसली नाही तर तिने नक्की काय केलं ते पण कळत नाही.

एस्तेरच्या पुस्तकाचा चौथा अध्याय सावकाश वाचा एकदा. तिला लहानाचं मोठं करणारा चुलतभाऊ मर्दखय गोणपाट नेसून राजवाड्याच्या दारापाशी आकांत करतोय आणि आत एस्तेरला कारणच माहीत नाही, ती आधी त्याच्यासाठी कपडे पाठवते. मग हथाक नावाचा खोजा, म्हणजे राजवाड्यातला नपुंसक सेवक, निरोप घेऊन ये-जा करतो, राजाचा मुख्य प्रधान हामान ह्याने सगळ्या यहूद्यांना मारायचा जो हुकूम काढलाय त्याची नक्कल तिच्यापर्यंत येते, आणि तरी तिचं पहिलं उत्तर काय, तर जवळजवळ नाहीच. बोलावल्याशिवाय आतल्या चौकात जाणाऱ्याला मरणाची शिक्षा, राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचणार, आणि मला तर राजाने ३० दिवसांत बोलावलेलंच नाही. हे ३० दिवस मला फार बोचतात. नावाची राणी, पण महिनाभर नवऱ्याचं तोंड बघितलेलं नाही आणि त्याच्याकडेच जाऊन अख्ख्या जातीचा जीव मागायचाय! शिवाय आपण यहूदी आहोत हेसुद्धा तिने तोवर तिथे सांगितलेलं नव्हतं.

मर्दखयने तिला गोंजारलं नाही. राजवाड्यात आहेस म्हणून तू वाचशील असं समजू नकोस, तू गप्प बसलीस तर सुटका दुसरीकडून होईल, आणि कोण जाणे, ह्याच वेळेसाठी तुला राणीपद मिळालं असेल. मग ती म्हणते, राजधानी शूशनमधले सगळे यहूदी गोळा करा, ३ दिवस रात्रंदिवस माझ्यासाठी उपास करा, मी आणि माझ्या दासी पण करू, मग मी जाईन, नाश झाला तर झाला. मला ह्यात सगळ्यात जवळचं वाटतं ते म्हणजे ती आधी माणसं मागते. एकटीने छाती काढून निघाली नाही ती.

तिसऱ्या दिवशी ती राजवस्त्रं घालून आतल्या चौकात जाऊन उभी राहते, राजा समोर दाराकडे तोंड करून सिंहासनावर बसलेला. पोटात अन्न नाही, अंगावर भरजरी कपडे, आणि त्याने हात पुढे करेपर्यंतचे ते क्षण. तो राजदंड पुढे करतो, ती त्याच्या टोकाला हात लावते, अर्धं राज्य मागितलंस तरी देईन म्हणतो. आणि इथे ती मागतच नाही! आज मेजवानीला या म्हणते, हामानालाही घेऊन या, आणि त्या मेजवानीत राजा परत विचारतो तर म्हणते उद्या परत या, उद्या सांगते.

का थांबली ते शास्त्र सांगत नाही. काहीजण म्हणतात मोठी युक्ती होती, असेलही, पण मला वाटतं तिची जीभच रेटली नसेल. काहीही असो, त्या एका दिवसात काय काय झालं बघा. हामान खुशीत घरी गेला, वाटेत मर्दखय उठून उभा राहिला नाही म्हणून पेटला, बायकोच्या आणि मित्रांच्या सांगण्यावरून त्याने ५० हात उंच फाशीचा खांब उभा करून घेतला. आणि त्याच रात्री राजाला झोप येईना. त्याने बखर वाचायला लावली, आणि निघालं काय तर बिग्थान आणि तेरेश ह्या द्वारपालांचा राजाला मारायचा कट मर्दखयने उघड केला होता ते पान, ४-५ वर्षांपूर्वीचं, ज्याचं बक्षीस द्यायचं राहूनच गेलं होतं. सकाळी हामान आला होता मर्दखयला फाशी द्यायची परवानगी मागायला, आणि त्यालाच मर्दखयला राजाच्या घोड्यावर बसवून गावभर मिरवायला लागलं. एस्तेरला ह्यातलं त्या रात्री काहीच माहीत नव्हतं. ह्या पुस्तकाच्या १० अध्यायांत देवाचं नाव एकदाही नाही, पण ही रात्र वाचून मला त्याचा हात दिसला नाही असं कधी झालं नाही.

चिठ्ठ्यांचं पण तसंच. यहूद्यांना कोणत्या दिवशी मारायचं ते ठरवायला हामानाने पहिल्या महिन्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि त्याच्याच चिठ्ठीने दिवस काढला बाराव्या महिन्यातला, म्हणजे अदार महिन्याची १३ तारीख. पुढच्याच महिन्याचा निघाला असता तर? त्याच्याच हाताने यहूद्यांना ११ महिने मिळाले. त्या चिठ्ठ्यांवरूनच (‘पूर’ म्हणजे चिठ्ठी) यहूद्यांचा पुरीम सण आला, आणि आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहूदी लोक पिढ्यानपिढ्या त्याला होळीचा सण म्हणायचे, कारण दोन्ही साधारण एकाच सुमाराला येतात.

आणि एक गोष्ट संदेशात नेहमी राहून जाते म्हणून मुद्दाम लिहितेय. दुसऱ्या मेजवानीत एस्तेरने राजाला सगळं सांगितलं आणि हामान त्याच्याच खांबावर फाशी गेला, पण तिथे गोष्ट संपत नाही, कारण राजाच्या मोहरेचा हुकूम मागे घेता येत नव्हता, तो तसाच लागू होता. एस्तेरचा स्वतःचा धोका टळला होता, हामानाचं घरदारही तिला मिळालं होतं, आता गप्प बसली असती तर कोण काय बोललं असतं? पण आठव्या अध्यायात ती परत राजाच्या पायाशी पडून रडते, परत तो राजदंड पुढे करतो, आणि ती म्हणते माझ्या लोकांचा नाश मी कसा बघू. तेव्हा कुठे दुसरा हुकूम निघाला, यहूद्यांना स्वतःचा बचाव करायची मुभा देणारा, तिसऱ्या महिन्याच्या २३ तारखेला, हिंदुस्थानापासून इजिप्तच्या दक्षिणेकडच्या कूश देशापर्यंत १२७ प्रांतांना, ज्याच्या त्याच्या भाषेत, आणि सरकारी घोड्यांवरून स्वार तो घेऊन सुटले.