हेल्मेट वाढत्या अंगाचं घेऊ नका

आपल्याकडे शाळेचा युनिफॉर्म, बूट, स्वेटर सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची पद्धत. मी पण तशीच वाढलेय, दर जूनमध्ये आई स्कर्टची दुमड उसवून द्यायची. त्यामुळे इथे टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आमच्या मुलांच्या फुटबॉल लीगचा गिअर (हेल्मेट, पॅड वगैरे) वाटायच्या दिवशी मी व्हॉलंटियर म्हणून टेबलावर असते तेव्हा देसी पालकांचा पहिला प्रश्न ऐकून मला अजिबात आश्चर्य वाटत नाही. मराठी असो, तेलुगू असो, गुजराती असो, प्रश्न एकच, "एक साइज मोठा देता का, पुढच्या सीझनला पण होईल." नाही हो. बाकी काहीही मोठं घ्या, हेल्मेट नको.

(फुटबॉल म्हणजे इथला, हातात धरून पळायचा. टेक्सासात दुसरा कुठला फुटबॉल असतो हे लोकांना आठवण करून द्यावं लागतं.)

हेल्मेट ढिलं असलं की टक्कर झाल्यावर डोकं एकीकडे जातं आणि हेल्मेट दुसरीकडे, पुढची कड नाकावर आपटते, कधी ते गर्रकन फिरून पोराला समोरचं दिसतच नाही, आणि आतल्या पॅडनी जो दणका झेलायचा तो झेलला जातच नाही. अमेरिकेत १९६८ साली फुटबॉल खेळताना झालेल्या इजांमुळे ३६ खेळाडू गेले होते. त्यानंतर १९६९ मध्ये खेळाच्या गिअरची सेफ्टी स्टँडर्ड ठरवणारी नॉक्सी (NOCSAE) नावाची संस्था निघाली आणि १९७३ मध्ये हेल्मेटचं पहिलं स्टँडर्ड आलं. त्यांच्या टेस्टमध्ये हेल्मेट एका खोट्या डोक्यावर चढवून ५ फुटांपर्यंतच्या उंचीवरून खाली टाकतात आणि डोक्याला किती धक्का बसला ते मोजतात. पण त्या खोट्या डोक्यावर हेल्मेट मापाचं असतं, आपल्या पोराच्या डोक्यावर ते मापाचं आहे की नाही हे बघायला लॅबवाले येत नाहीत.

आता माप. टेप भुवयांच्या साधारण एक इंच वरून गोल फिरवायची, तो आकडा कंपनीच्या चार्टवर बघायचा, पण चार्ट फक्त सुरुवात, एकाच मापाची दोन डोकी वेगळ्या आकाराची असतात. घालून बघायच्या आधी केस ओले करा, कारण खेळताना घामाने ते चपटे होणारच आहेत आणि कोरड्या फुललेल्या केसांवर घट्ट बसलेलं हेल्मेट अर्ध्या तासात सैल होतं. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, कानाची भोकं बरोबर कानासमोर, गालाचे पॅड गालाला टेकलेले. मग माझी आवडती टेस्ट. पोराला सांगायचं मान ताठ धर, आणि फेसमास्क (तोंडासमोरची जाळी) दोन्ही हातात धरून डावीकडे-उजवीकडे हलवायचा, नजर मात्र कपाळावर ठेवायची. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट तिच्यावरून घसरतंय, तर ते मोठं आहे, संपला विषय. शेवटी चिनस्ट्रॅपची (हनुवटीच्या पट्ट्याची) चारही बटणं लावून मोठ्ठी जांभई द्यायला सांगा, हेल्मेट डोक्यावर खाली दाबल्यासारखं वाटलं पाहिजे.

"आई डोकं दुखतंय" हे पण ऐका. घट्ट आणि टोचतंय यात फरक आहे, एका जागी लाल खूण पडून ती जात नसेल तर पॅड बदला किंवा पॅडमधली हवा थोडी कमी करा. आतल्या पॅडमध्ये हवा भरायची हेल्मेटं असतील तर हवा पोराच्या डोक्यावर हेल्मेट असतानाच भरायची, आणि पंपाची सुई कोरडी घालायची नाही, ग्लिसरीन लावून, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो. आणि एकदा भरली की सीझनभर बघायला नको असं नसतं. ऑगस्टच्या उन्हात भरलेली हवा नोव्हेंबरच्या गार संध्याकाळी आकसते. शिवाय आमच्याकडची अर्धी टीम सीझन सुरू झाला की डोकं सफाचट करून येते, लगेच फिटिंग परत. लांब वेणीवाल्या मुली आता बऱ्याच खेळतात, वेणी मानेजवळ खाली बांधा, हेल्मेटच्या आत अंबाडा नको.

फेसबुक मार्केटप्लेसवर सेकंड हँड हेल्मेट स्वस्तात मिळतं म्हणून घेणारे असतात. ते कुठल्या साली बनलंय ते आतल्या लेबलवर वाचा. हेल्मेट रिकंडिशन करणाऱ्या, म्हणजे जुनं तपासून दुरुस्त करून देणाऱ्या, अधिकृत कंपन्या १० वर्षांपेक्षा जुनं हेल्मेट हातात पण घेत नाहीत. आणि पोराने वरून स्प्रे पेंट मारलाय, भलतेसलते स्टिकर लावलेत असलं हेल्मेट तर नकोच, काही रंगांनी आणि गोंदांनी प्लॅस्टिक कमजोर होतं. कुठलं हेल्मेट किती चांगलं त्याचं स्टार रेटिंग व्हर्जिनिया टेक युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट बघता येतं, लहान मुलांच्या हेल्मेटचं वेगळं रेटिंग २०१९ पासून आहे. पण माझं स्पष्ट मत, नीट बसलेलं चार स्टारवालं हे डगमगणाऱ्या पाच स्टारवाल्यापेक्षा केव्हाही चांगलं.

आणि एवढं करूनही हेल्मेट कन्कशन (दणक्याने मेंदूला होणारी इजा) थांबवतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते कवटी वाचवतं. मेंदू आत हलतो तो हलतोच, डब्यातल्या दह्यासारखा. हे हेल्मेटवरच्या वॉर्निंगमध्येच लिहिलेलं असतं, पण ते स्टिकर कोण वाचतंय. पोराला गरगरतंय, उलटी होतेय, उजेड सहन होत नाहीये, तर त्या दिवशी खेळ बंद, कोच काहीही म्हणो.

शोल्डर पॅडला लोक वेळच देत नाहीत. त्याचं माप खांद्याच्या एका टोकाच्या हाडापासून दुसऱ्या टोकाच्या हाडापर्यंत पाठीवरून घ्यायचं, आणि पॅड त्या टोकाच्या थोडा बाहेर आला पाहिजे, कारण टॅकलमध्ये (समोरच्याने धरून पाडल्यावर) पडताना नेमकं तेच हाड जमिनीला लागतं. दोन्ही हात वर करायला लावा. गळ्यापाशी पॅड रुतला तर पॅडचा गळा लहान, आणि कानापर्यंत वर चढला तर पट्टे ढिले. काखेखालचे पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढायचे, पोरं "गुदमरतंय" म्हणून सोडून टाकतात आणि मग पॅड कासवाच्या पाठीसारखा वरखाली होत राहतो, त्यांना पळायला पण तेच नडतं.

माउथगार्ड (दातांवर घालायचं रबरी कव्हर) उकळत्या पाण्यात घालून चावून बसवायचा असतो, पण पोराला ब्रेसेस असतील (आपल्यातल्या कुणाच्या पोराला नाहीत!) तर तो साधा नको, तारांवर तो मऊ रबर अडकून बसतो. ब्रेसेसचा वेगळा मिळतो, ऑर्थोडोंटिस्टला विचारा. टोकं चावून चावून चपटी झाली की नवीन आणा, दोन-चार डॉलरचा प्रश्न आहे.

राहिले मांडीचे, कमरेचे आणि गुडघ्याचे पॅड. फिटिंग सोपं, पण पोरं ते गुपचूप काढून बॅगेत ठेवतात, पळताना जड लागतात म्हणून, किंवा टीव्हीवर प्रोवाले घालताना दिसत नाहीत म्हणून. गाडीतून उतरतानाच गुडघ्यावर टिचकी मारून बघा, टक्क आवाज आला तर पॅड घरीच राहिलाय, मागे फिरा.